थोरल्या अंतोनीच्या गावाला: इजिप्तच्या मठांची भटकंती

आधी एक घोळ मिटवतो. वसईत आणि गोव्यात घरोघरी ज्याची तसबीर दिसते, बाळ येशूला कडेवर घेतलेला आणि हरवलेली किल्ली शोधून देणारा संत अंतोनी, तो हा नव्हे. तो पादुआचा, जन्माने लिस्बनचा. मूळ नाव फर्नांदो. १२२० साली फ्रान्सिस्कन संघात शिरताना त्याने नाव बदललं आणि साडेआठशे वर्षांपूर्वीच्या एका इजिप्शियन तपस्व्याचं नाव घेतलं. आमची सहल त्या मूळ अंतोनीची होती. इजिप्तमध्ये त्याला 'अंबा अंतोनियोस' म्हणतात ('अंबा' म्हणजे आदराने 'पिता').

बरोबर वसईचा मित्र होता. पादुआच्या अंतोनीचा १३ जूनचा सण तो चुकवत नाही, त्यामुळे 'एकदा थोरल्यालाही भेटून येऊ' ही टूम त्याचीच. मला वाळवंट बघायचं होतं, माणूसकाणूस नसलेलं. ते मला शेवटपर्यंत मिळालं नाही.

मंगळवार, कैरो

विमानतळ, हॉटेल वगैरे सोडून देतो. दुपारी मेट्रोने मार गिर्गिस स्टेशनवर उतरलो. स्टेशनातून बाहेर पडताच समोर जुनं कैरो, म्हणजे कॉप्टिक, इजिप्तच्या मूळच्या ख्रिश्चनांची वस्ती. अल् मुअल्लका हे चर्च रोमन किल्ल्याच्या बुरुजांवर बांधलंय, म्हणून त्याला अधांतरी चर्च म्हणतात. शेजारी १९०८ साली सुरू झालेलं कॉप्टिक संग्रहालय. फारोंच्या सोन्यासमोर लोक रांगा लावतात, इथे आम्हाला दालनंच्या दालनं मोकळी मिळाली. लाकूडकाम आणि विणलेली जुनी कापडं बघायला दोन तास सहज जातात.

कॉप्टिक माणूस ओळखायचा कसा? उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला गोंदलेला छोटासा निळसर क्रूस. तिकीट देणाऱ्या बाईंच्या हातावर होता, नंतर चहा देणाऱ्या पोराच्याही. मित्राने आपली गळ्यातली साखळी दाखवली तर पोराने मनगट पुढे केलं, बोटाने चोळून दाखवलं आणि हसला. साखळी काढता येते, हे नाही, असं काहीसं त्याला म्हणायचं होतं.

शाकाहारी मंडळींसाठी या लेखातली सर्वांत कामाची गोष्ट आता सांगतो. कॉप्टिक लोक वर्षातले दोनशेहून जास्त दिवस उपास करतात. उपास म्हणजे दिवसाचा काही काळ पोटात काही नाही, आणि नंतर मांस, अंडी, दूध, तूप सगळं वर्ज्य. अशा जेवणाला 'सियामी' म्हणतात. हॉटेलात 'नो मीट' सांगत बसलात तर सूप कोंबडीच्या पाण्यात केलेलं येतं; 'सियामी' म्हणा, काम होतं. फक्त एक मेख आहे. आम्ही गेलो डिसेंबरच्या सुरुवातीला, नाताळाआधीचा ४३ दिवसांचा उपास चालू असताना (त्यांचा नाताळ ७ जानेवारीला असतो). या उपासात बुधवार-शुक्रवार सोडून मासे चालतात. त्यामुळे मंगळवारी रात्री मी मोठ्या ऐटीत 'सियामी' म्हटलं आणि समोर भाजलेला अख्खा मासा आला. मित्राने ताट अलगद आपल्याकडे ओढलं. मी फूल, म्हणजे शिजवून घोटलेल्या बाकल्यांवर जिरं आणि लिंबू, ताहिनी आणि गरम पावावर भागवलं. तक्रार नाही, त्यानंतर रोज तेच मागून खाल्लं.

बुधवार, वादी नत्रून

कैरोहून अलेक्झांड्रियाच्या वाळवंटी रस्त्याने शंभरेक किलोमीटर. प्राचीन काळी ममी करताना जो नेट्रॉन क्षार वापरत तो इथल्या तळ्यांतून यायचा. चौथ्या शतकापासून इथे तपस्वी राहू लागले. आज चार मठ चालू आहेत. अंतोनी स्वतः इथला नव्हे, पण इथल्या पहिल्या पिढीवर त्याची छाप आहे. इथला आद्य पुरुष मकारियस हा त्याच्याकडे जाऊन आलेला. उत्तरेकडे नित्रिया नावाच्या वसाहतीतल्या अमूनची एक गोष्ट मित्राने गाडीत सांगितली. माणसं इतकी वाढली की शांतता उरेना, तेव्हा अमूनने अंतोनीला विचारलं, नवी वस्ती किती लांब करू? अंतोनी म्हणाला, आपण तीन वाजता जेवू आणि चालायला लागू. सूर्य मावळेपर्यंत चालले आणि जिथे पोचले तिथे क्रूस रोवला. दोन्ही वस्त्यांतल्या माणसांना दुपारी जेवून एकमेकांकडे जाता यावं, एवढंच अंतर.

मोजमापाची ही रीत मला फार आवडली. एकांतात राहायचं, पण संध्याकाळपर्यंत भेटता आलं पाहिजे.

देर अल् सुरियान, म्हणजे सीरियनांचा मठ, चुकवू नका. चर्चच्या टोकाला एक बुटकी खोली आहे, अंबा बिशोय या जुन्या तपस्व्याची. छतातून आकडा लोंबतोय. प्रार्थना करताना झोप येऊ नये म्हणून बिशोय केस दोरीने या आकड्याला बांधायचा. मी ताबडतोब म्हटलं, हा तर शेंडीला दोरी बांधून अभ्यास करणारा बटू! सोबतच्या अबूनांना (साधूंना सगळे 'अबूना' म्हणतात, तुम्हीही म्हणा) ते मोडक्या इंग्रजीत समजावलं. शेंडी काय ते हाताने करून दाखवावं लागलं. ते खो खो हसले आणि पलीकडच्या साधूला बोलावून मला परत करून दाखवायला लावलं.

आवारात एक जुनं झाड आहे. सीरियाच्या संत एफ्रेमने काठी टेकून ठेवली आणि तिला पालवी फुटली अशी कथा. जवळ जाऊन पानं बघितली तर चिंच! वाळवंटाच्या मधोमध. खाली पडलेलं एक बोटूक मित्राने उचललं, अबूनांनी मान हलवून परवानगी दिली. चव आपल्याकडचीच.

पुढे एका मठाचं दार मात्र बंद मिळालं. उपासांच्या काळात काही मठ पाहुण्यांना घेत नाहीत आणि प्रत्येकाचे नियम वेगळे असतात. कैरोतून फोन करूनच निघा.

गुरुवार, तांबड्या समुद्राकडे

गाडी ठरवली होती. चालक मुसलमान, पन्नाशीचा, आणि आम्ही भारतीय कळल्यावर त्याने अमिताभचं नाव घेतलं नाही असा एकही तास गेला नाही. ऐन सोखना हे गाव मागे पडलं की डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला गलालाचे उघडेबोडके डोंगर. झाफरानापाशी पवनचक्क्यांच्या रांगा लागतात, तिथून रस्ता आत वळतो. कैरोपासून तीन-साडेतीन तास धरा. अंतोनी नाईलकाठावरून भटक्या बेदुइन टोळीबरोबर निघाला तेव्हा त्याला तीन दिवस आणि तीन रात्री लागल्या होत्या.

तो इकडे का आला, ते सांगायला हवं. जन्म २५१ च्या सुमाराचा, घर सधन. वीस वर्षांचा व्हायच्या आत आई-वडील गेले, मागे तो आणि धाकटी बहीण. एके दिवशी चर्चमध्ये शुभवर्तमान वाचलं जात होतं: पूर्ण व्हायचं असेल तर जा, जे आहे ते विकून गरिबांना दे. त्याने ते तिथल्या तिथे मनावर घेतलं. आधी गावाबाहेर राहिला, मग थडग्यांत, मग नाईलपलीकडच्या पडक्या किल्ल्यात. प्रत्येक ठिकाणी लोक मागोमाग आले. कोणी आजार घेऊन, कोणी खटला घेऊन, कोणी नुसतं बघायला. शेवटी साठीच्या आसपास तो थेट या डोंगरापाशी आला, कारण इथे पाणी होतं, चार खजुराची झाडं होती आणि कोणी येण्याची शक्यता नव्हती.

देर अंबा अंतोनियोसच्या दारात पोचलो तेव्हा चार बस उभ्या होत्या.

आत म्हणजे छोटं गावच आहे. उंच तट, घुमट, मनोरे, खजुराची बाग, गल्ल्या. जुन्या काळी तटाला दारच नव्हतं. माणूस असो की धान्याचं पोतं, दोरीने वर ओढून घ्यायचे. ते लाकडी रहाट आजही जाग्यावर आहे. झरा डोंगराच्या पायथ्याशी कपारीतून येतो, रोज सुमारे १०० घनमीटर, म्हणजे लाखभर लिटर. ओंजळभर प्यायलो, गार आणि किंचित मचूळ. अंतोनीने याच पाण्यावर थोडं धान्य आणि भाजी लावली होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला खाऊ घालता यावं म्हणून. रानटी जनावरं पाणी प्यायला येऊन वाफे तुडवायची. त्याने एकाला धरून विचारलं, मी तुमचं काही बिघडवलं नाही, मग तुम्ही माझं नुकसान का करता? ती परत आली नाहीत म्हणे.

जुन्या चर्चमधली भित्तिचित्रं हा या मठाचा कळस. थिओडोर नावाच्या चित्रकाराने १२३२-३३ साली आपल्या हाताखालच्या माणसांना घेऊन ती काढली. पंधराव्या शतकाच्या अखेरीस इथे हल्ला झाला, साधू मारले गेले आणि हल्लेखोरांनी चर्चमध्येच चुली मांडल्या. हस्तलिखितं जळण म्हणून वापरली असं मठात सांगतात. शतकानुशतकांचा धूर, मेण आणि धूळ चित्रांवर बसली होती. ती १९९० च्या दशकात इटालियन तज्ज्ञांनी साफ केली. अबूनांनी टॉर्च फिरवला तसे घोड्यावरचे संत एकेक उजेडात आले. डोळे टपोरे, काजळ घातल्यासारखे. मी एका घोड्यासमोर बराच वेळ उभा राहिलो. त्याच्या खोगिराच्या पट्ट्यावर इतकी बारीक नक्षी आहे की ती कोणी बघेल याची चित्रकाराला आशा असणं कठीण. दुसऱ्या एका चर्चमध्ये काचेखाली चौथ्या शतकातल्या साधूंच्या खोल्यांचे अवशेष दिसतात. २००५ मध्ये दुरुस्ती करताना सापडले.

साधूंच्या डोक्यावर काळी टोपडी असते, तिच्या दोन्ही बाजूंना भरतकामाचे क्रूस आणि मधोमध शिवण. सैतानाने अंतोनीची टोपी ओढून फाडली आणि त्याने ती शिवून पुन्हा घातली, त्याची ही आठवण.

मुक्काम मठाच्या अतिथिगृहात. त्याची परवानगी आधी कैरोतून काढावी लागते, आयत्या वेळी गेलात तर झाफरानात परत यावं लागेल. गुडघे-खांदे झाकलेले हवेत, गाभाऱ्याजवळ जाताना चप्पल बाहेर. आणि जाड जाकीट घ्याच. दुपारी घाम आणि रात्री दात वाजतात. जेवणात फूल, पाव, हलवा आणि ऑलिव्ह. कोणी पैसे मागितले नाहीत, दानपेटी दाराशी आहे.

शुक्रवार, गुहा

शुक्रवार हा इजिप्तचा सुटीचा वार, हे लक्षात ठेवा आणि शक्य असेल तर टाळा. नसेल टाळायचं तर उजाडायच्या आत चढायला लागा. अंतोनीची गुहा मठापासून तीनेकशे मीटर उंचावर आहे आणि हजाराहून जास्त पायऱ्या आहेत. ऊन डोंगरावर यायच्या आत अर्धं चढून व्हायला हवं.

आम्ही पहाटे निघालो तर पुढे एक अख्खं कुटुंब. आजी, सुना, नातवंडं, एकाच्या हातात स्पीकर, त्यावर कॉप्टिक भजनं. आजींना दोन्ही गुडघ्यांना पट्टे. दर वीस पायऱ्यांवर बसायच्या, पाणी प्यायच्या आणि आम्ही दिसलो की 'यल्ला, यल्ला' म्हणून आम्हालाच हुसकायच्या. मित्राने हात देऊ केला. त्यांनी हात घेतला नाही, पाठीवरची पिशवी काढून त्याच्या गळ्यात अडकवली. पिशवीत संत्री होती. वरपर्यंत ती त्यानेच वाहिली.

गुहा म्हणजे डोंगराला पडलेली चीर. अंग आडवं करून सरकत आत जायचं, जाड माणसाने विचार करूनच शिरावं. आत अंधार, मग काही पायऱ्या खाली आणि एक छोटी जागा. तिथे वेदी मांडली आहे. भिंतीच्या फटींत चिठ्ठ्या कोंबलेल्या, नवस आणि मागणी लिहिलेल्या. परीक्षा, व्हिसा, मूल. एका वेळी पाचसहा माणसं जेमतेम मावतात. आम्ही नऊ जण होतो आणि मागून दोन मुलं मोबाइलचा उजेड पाडत येतच होती. घुसमटायला झालं. मला वाटलं होतं तिथे काहीतरी अंगावर येईल. आला तो मेणबत्तीचा धूर, घामाचा वास आणि आजींचा खणखणीत आवाज. त्यांना कोणी सांगितलंही नव्हतं, त्या प्रार्थना म्हणू लागल्या आणि सगळ्यांनी सूर धरला.

बाहेर आल्यावर संत्री वाटली गेली.

खरं तर अंतोनीला मेल्यावरही गर्दी नको होती. तो ३५६ साली गेला, १०५ वर्षांचा होऊन. तेव्हा सत्पुरुषांचे देह न पुरता घरात ठेवायची रीत होती, तिची त्याला धास्ती. शेवटची वर्षं सेवेला असलेल्या दोघा शिष्यांना त्याने बजावलं की मला कुठे पुरलं ते कोणालाही सांगू नका. मेंढीच्या कातड्याची दोन पांघरुणं दोन बिशपांना द्यायला सांगितली, जवळजवळ एवढीच इस्टेट. त्यातलं एक गेलं अलेक्झांड्रियाच्या अथानासियसकडे आणि त्याने चरित्रच लिहून टाकलं. ते लॅटिनमध्ये उतरलं, युरोपभर गेलं. ३८६ साली मिलानमध्ये, पुढे संत झालेल्या ऑगस्टिनने ही हकीकत ऐकली आणि त्याचं आयुष्य वळलं. लपायची इतकी खटपट केलेल्या माणसाची अशी जाहिरात झाली.

दुपारी अंबा बोलाच्या, म्हणजे संत पौल तपस्व्याच्या मठात गेलो. मधे एकच डोंगर आहे, पण गाडीरस्ता वळसा घालून सुमारे ८० किलोमीटर पडतो. चौथ्या शतकातल्या संत जेरोमने लिहिलेली कथा अशी: नव्वदीतल्या अंतोनीला वाटलं, आपल्याइतका जुना वाळवंटवासी कोणी नसेल. स्वप्नात कळलं, आहे. शोधत गेला तर पौल सापडला, ११३ वर्षांचा, खजुराच्या पानांचा अंगरखा घातलेला. साठ वर्षं एक कावळा त्याला रोज अर्धी भाकर आणून द्यायचा. त्या दिवशी कावळ्याने अख्खी आणली. मग ती कोणी मोडायची यावरून दोघा म्हाताऱ्यांचा 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' असा वाद संध्याकाळपर्यंत चालला. शेवटी दोघांनी दोन टोकं धरून ओढली. पौल वारल्यावर दोन सिंहांनी पंजांनी खड्डा खणला. ऐतिहासिक म्हणून ही कथा टिकत नाही, पण भाकरीवरचा वाद मात्र कोणीतरी खऱ्या म्हाताऱ्यांना बघूनच लिहिला असणार. हा मठ लहान, चर्च अर्धं जमिनीखाली, आणि दोनपैकी एकच करायचा झाला तरी मी अंतोनीचा सांगेन.

शनिवार, नाईलकाठ

परतीच्या वाटेवर बेनी सुएफकडे वळलो. अंतोनीची सुरुवात इथली. इकडे परदेशी पर्यटक सहसा येत नाहीत. एका नाक्यावर आमचे पासपोर्ट तासभर आत राहिले आणि मग पोलिसांची एक गाडी पुढे लागली. पासपोर्टच्या चार-सहा झेरॉक्स जवळ ठेवा, आणि या भागासाठी पूर्ण दिवस मोकळा ठेवा.

देर अल् मैमून हे नाईलच्या पूर्व काठावरचं खेडं. अंतोनी वीस वर्षं कोंडून राहिला तो पडका किल्ला इथला असं मानतात. त्याचे मित्र वर्षातून दोनदा पाव आणून छपरावरून आत टाकायचे, तो कोणाला दर्शन देत नसे. शेवटी ३०५ च्या सुमारास लोकांनी दारच तोडलं. बाहेर येईल तो सापळा असेल नाहीतर वेडा, अशी सगळ्यांची खात्री. बाहेर आला तो धड लठ्ठ नाही, धड रोड नाही, पूर्वी होता तसाच. आणि आल्याबरोबर आजाऱ्यांना भेटायला, भांडणं मिटवायला लागला.

आज तिथे गावातलं साधं चर्च आहे आणि आत जमिनीत उतरणारी एक अरुंद जागा. किल्ली आणायला पोरगा सायकलवर गेला. तोवर एका घरातून चहा आला, पुदिना घातलेला आणि इतका गोड की चमचा उभा राहावा. शेजारी म्हशी बांधलेल्या, कालव्याला पाणी, उसाचा आणि बरसीमचा हिरवा तुकडा. वाळवंट तिथून दिसतं, चालत दहा मिनिटांवर.

अंतोनीचं जन्मगाव कोमा, नाईलच्या पलीकडे. घरची जमीन ३०० अरूरा, म्हणजे आपल्या हिशेबाने दोनशे एकर, तीही नाईलच्या गाळाची. चहा पिताना मी हे चालकाला सांगितलं. इतके दिवस त्याने साधू-संतांच्या गोष्टी सभ्यपणे, अर्ध्या कानाने ऐकल्या होत्या. दोनशे एकर म्हटल्यावर तो सरळ बसला.

"विकली?"

"नाही. गावकऱ्यांना वाटून टाकली. घरातलं सामान विकलं, ते पैसे गरिबांना."

"आणि बहीण?"

तिला विश्वासातल्या बायकांच्या आश्रमात ठेवलं, हे सांगताना मला जरा अवघडल्यासारखं झालं. चरित्रात तिला कोणी काही विचारल्याचं येत नाही, नावसुद्धा येत नाही. पुढे ती म्हातारी होऊन तिथली मुख्य झाली आणि भावाची तिची भेट झाली एवढाच उल्लेख. मित्र म्हणाला, तिचंही एखादं चरित्र कोणीतरी लिहायला हवं होतं. चालकाचं तिकडे लक्षच नव्हतं. त्याने घरमालकाला अरबीत सगळं सांगितलं, त्याने आपल्या भावाला हाक मारली आणि जमिनीवरून त्यांची बरीच बोलाचाली झाली.

"हे विचारतायत," चालक आमच्याकडे वळून म्हणाला, "त्याचे चुलतभाऊ काही बोलले नाहीत?"

अथानासियसने कारण दिलंय ते मी सांगितलं: जमिनीचं लचांड आपल्यामागे आणि बहिणीमागे राहू नये म्हणून ती गावालाच देऊन टाकली. ते भाषांतर होऊन पोचल्यावर घरमालकाने मांडीवर थाप मारली आणि आमच्या कपांत पुन्हा चहा ओतला. एवढ्यात पोरगा किल्ली घेऊन आला.